तत्त्वज्ञानाचा एम. ए. आणि त्याचे मराठी

गेल्या जूनमध्ये एका दुपारी एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आले. गृहस्थ एस. टी.मध्ये वाहतूक नियंत्रक, गाव बार्शीकडचे. मुलीने तत्त्वज्ञान हा विषय घेऊन बी. ए. केले होते, बऱ्या गुणांनी केले होते आणि आता तिला पुण्यात राहून एम. ए. करायचे होते. माझे नाव त्यांना कोणी सुचविले ते मी विचारले नाही. निवृत्त प्राध्यापकाकडे कोणी सल्ला मागायला आले की तो इतका सुखावतो की, असल्या चौकशा त्याला सुचत नाहीत.

गृहस्थांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सरळ मुद्द्याला हात घातला. “सर, पोरगी हुशार आहे, ते मला कळतं. पण हे शिकून पुढं काय, ते कळत नाही. गावात सगळे हेच विचारतात. तुम्ही सांगाल तसं करू.”

मी त्या वेळी उत्तर दिले नाही. म्हणजे मला देता आले नाही. हाच प्रश्न पूर्वी एका विद्यार्थ्याने मला विचारला होता आणि त्याला मी मोठ्या झोकात उत्तर दिले होते. त्याची हकीकत पुढे येईल. वेळ मारून नेण्यासाठी मी मुलीला म्हटले, “वही आणली आहेस का? दाखव बघू.”

वहीत दोन प्रकारचे मराठी होते. पहिली दीडशे पाने एका प्रकारची. ‘सार्विकांच्या अस्तित्वाविषयी वास्तववादी भूमिकेची वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे सांगता येतील’ असे वाक्य, त्याखाली एक, दोन, तीन, चार असे आकडे, मग ‘मूल्यमापन’ असा मथळा आणि त्याखाली पुन्हा आकडे. हे मराठी मी ओळखले. ते माझेच होते. माझे नसले तरी माझ्यासारख्यांचे होते. तीस-पस्तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून आम्ही जे उतरवून दिले तेच वर्ग बदलत, गाव बदलत, छायाप्रतींच्या दुकानातून फिरत फिरत तिच्यापर्यंत आले होते. पण वहीच्या शेवटच्या पानावर, मलपृष्ठाच्या आतल्या बाजूला, पेन्सिलीने लिहिलेल्या चार ओळी होत्या. ‘आजी वारली ते मामाला दोन दिवस कळवले नाही, कारण त्याची परीक्षा होती. कांटला हे चालले नसते. मामा अजून आमच्याशी नीट बोलत नाही. म्हणजे कांटचे बरोबर होते का? का मामा नापास झाला म्हणून रागावला आहे?’

हे दुसरे मराठी. या चार ओळींत जेवढे तत्त्वज्ञान आहे तेवढे त्या दीडशे पानांत नाही, असे म्हणण्याचा मोह मला होतो. पण तो अन्याय होईल. दीडशे पाने झाली नसती तर कांटचे नाव तिच्या घरातल्या गोष्टीत शिरलेच नसते. प्रश्न एवढाच की, एकाच हाताने लिहिलेली ही दोन गद्ये एकमेकांना ओळखही देत नाहीत, असे का व्हावे?

नोकऱ्यांच्या बाजारातले मला फारसे कळत नाही. मराठी गद्य वाचण्याचा मात्र जन्माचा नाद आहे. तेव्हा त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे मी माझ्या वाटेनेच जाणार. तत्त्वज्ञानाचा पदवीधर आपल्याकडे गेली सुमारे एकशेचाळीस वर्षे आहे. त्याने पोट कसे भरले आणि मराठी कसे लिहिले, या दोन गोष्टी आपण नेहमी वेगळ्या ठेवतो. पहिली चरित्रात आणि दुसरी वाङ्मयाच्या इतिहासात. त्या एकत्र ठेवून पाहिल्या की मला असे दिसू लागते की, या पदवीधराला भाकरी कोण देतो यावर तो कोणते मराठी लिहितो हे बरेचसे ठरत आले आहे.

आरंभ अर्थातच आगरकरांपासून. गोपाळ गणेश आगरकर डेक्कन कॉलेजातून एम. ए. झाले ते १८८० च्या सुमारास. मिल आणि स्पेन्सर त्यांच्या अंगात मुरलेले होते. तेव्हाच्या एम. ए.ला सरकारी नोकरीचे दार सताड उघडे होते आणि घरची गरिबी तर प्रसिद्धच आहे. त्यांनी आईला लिहिले की, मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, मी पोटापुरत्यावर समाधान मानून लोकांच्या कामाला लागणार आहे. हे पत्र शाळेच्या पुस्तकांनी आपल्याला त्यागाचा धडा म्हणून वाचायला लावले. ते तसे आहेच. पण लेखनाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात आपला वाचक कोण असावा याची निवड आहे. सरकारच्या पगारावर असते तर आगरकरांनी इंग्रजीत टिपणे लिहिली असती. शाळा आणि वर्तमानपत्र यांवर जगायचे ठरविल्यामुळे त्यांना अशा माणसासाठी लिहावे लागले की ज्याने मिलचे नावही ऐकलेले नाही, जो वर्गणी भरतो आणि पटले नाही तर बंदही करतो. १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला. त्याच वर्षी त्यांचे ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तकही आले, हा योगायोग मला फार बोलका वाटतो. वाक्य कसे उभे राहते हे तपासणारा आणि रूढी कशी उभी राहते हे तपासणारा माणूस एकच आहे. केशवपन, सोवळे, पोशाख, असल्या घरगुती विषयांत तो शिरतो आणि ‘हे कशावरून?’ एवढाच प्रश्न हट्टाने विचारीत राहतो. स्पेन्सरकडून आयते घेतलेले समाजविकासाचे टप्पे आज पटत नाहीत. काही निबंधांत आवाज उगाच चढतो. एकच गोष्ट तीनदा सांगितली जाते. तरीही ‘गुलामांचे राष्ट्र’ सारखा निबंध आज वाचताना, हा माणूस तत्त्वज्ञान शिकला होता हे पानापानावर जाणवते आणि त्याने कोठेही ते सांगितलेले नसते. १८९५ साली, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी ते गेले. फर्ग्युसनचे प्राचार्यपद त्यांना लाभले होते, परंतु प्राध्यापकी गद्य लिहिण्याइतकी उसंत मिळाली नाही, हे मराठीचे भाग्यच म्हणायचे.

जाता जाता एक गंमत. आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस होते. टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि ती टिपून घेतली साने गुरुजींनी. मराठी तत्त्वज्ञानपर गद्याला महाविद्यालयापेक्षा तुरुंग अधिक मानवला, असे कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे कठीण आहे. त्यात टिळकांची पदवी गणिताची आणि कायद्याची. विनोबांनी तर कॉलेज अर्ध्यावर सोडलेले. आणि १९५५ साली मराठीला पहिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो वाईच्या पाठशाळेत घडलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या ग्रंथाला. एम. ए. झालेल्यांनी या गोष्टीचा थोडा विचार करायला हरकत नाही.

पण तुरुंगाचा उल्लेख मी केला तो खरा वामन मल्हारांसाठी. आमच्या विषयाच्या पदवीधराने पोटापाण्यासाठी किती घाट चढावे-उतरावे आणि तरी त्याचे लेखन कोरडे होऊ नये, याचे वामन मल्हार जोशी यांच्याइतके चांगले उदाहरण मला मराठीत दुसरे सापडत नाही. १९०६ साली तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झालेला हा तरुण कोल्हापूरच्या समर्थ विद्यालयात, म्हणजे एका राष्ट्रीय शाळेत, मास्तर झाला. ‘विश्ववृत्त’ मासिकाचे संपादन त्याच्याकडे आले. त्यात पंडित सातवळेकरांचा वैदिक धर्मावरील एक लेख छापला म्हणून सरकारने खटला भरला आणि संपादकाला तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या लेखासाठी! सुटून आल्यावर काही काळ वर्तमानपत्रात उपसंपादकी केली आणि मग कर्व्यांच्या स्त्रीशिक्षणाच्या संस्थेत ते शिकवू लागले, ते आयुष्यभर.

मला महत्त्वाची वाटते ती ही शेवटची नोकरी. १९१९ साली त्यांचा ‘नीतिशास्त्रप्रवेश’ निघाला. नावाने तो क्रमिक ग्रंथ वाटतो आणि काही अंशी आहेही. पण त्यातला लेखक ज्यांच्याशी बोलतो आहे त्यांना परीक्षेच्या पलीकडे आयुष्य आहे, किंबहुना परीक्षेपेक्षा आयुष्यच अवघड आहे, याची त्याला सतत जाणीव आहे. त्यांच्यापुढे बसणाऱ्या मुलींपैकी अनेकींचे सौभाग्य लहानपणीच गेलेले, कित्येकींना घरच्यांचा विरोध. त्यांना ‘कर्तव्य म्हणजे काय’ हे शिकवताना चार मतांची यादी देऊन भागत नाही. ‘अमुक तत्त्ववेत्ता असे म्हणतो’ या वाक्यानंतर ‘मग मी काय करू?’ हा प्रश्न समोर बसलेलाच असतो. माझा असा तर्क आहे की, या वर्गानेच वामन मल्हारांना कादंबरीकडे ढकलले. निदान कादंबरीत टिकवून ठेवले. ‘रागिणी’ त्याआधीची. ‘मासिक मनोरंजन’च्या वाचकांनी ती आवडीने वाचली आणि तिच्यातल्या लांबलचक चर्चांना कंटाळलेही असतील. रागिणी आणि उत्तरा यांच्या तोंडी लेखक आपले वाद घालतो हे तिथे लपत नाही; पुस्तकी वाद आणि माणसे शेजारी शेजारी बसली आहेत, एकजीव झालेली नाहीत. १९३० च्या ‘सुशीलेचा देव’मध्ये मात्र काहीतरी घडले आहे. सुशीलेची देवाविषयीची कल्पना लहानपणच्या मूर्तीपासून पुढे पुढे सरकत जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर ती बदलते ती एखादे पुस्तक वाचून नव्हे. दुःख आले, माणूस भेटला, श्रद्धा पुरी पडेना म्हणून बदलते. ईश्वरविषयक मतांचा इतिहास आम्ही वर्गात आकडे घालून शिकवतो. येथे तो एका बाईच्या वयाबरोबर वाढतो. आणि ‘इंदु काळे व सरला भोळे’त त्यांनी पत्रांचा घाट घेतला तो तर त्यांच्या स्वभावाला फारच शोभला. पत्रात प्रत्येकजण आपापल्या परीने बरोबर असतो.

हाच त्यांचा दोष म्हणून सांगितला जातो. ‘हेही खरे, तेही खरे’ असे म्हणत वामन मल्हार कुंपणावर बसतात, असे त्यांच्या टीकाकारांचे म्हणणे. मला हा आक्षेप अर्धाच मान्य आहे. निबंधांत कधीकधी ते इतके तोलतात की तराजूचा काटाच झिजतो. ‘विचारसौंदर्य’मध्ये हे जाणवते. पण कादंबरीत हे तोलणे म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकून घेणे आहे आणि तत्त्वज्ञानाच्या शिक्षणातून मिळालेली एखादी गोष्ट जर आयुष्यात उपयोगी पडत असेल तर ती हीच. सॉक्रेटिसाचे संवाद त्यांनी मराठीत आणले ते उगाच नव्हे. आपल्या ‘करिअर’च्या हिशेबात या माणसाला काय म्हणाल? शाळामास्तर, कैदी, उपसंपादक, मुलींच्या कॉलेजातला प्राध्यापक. आणि १९३० च्या मडगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्या काळच्या सनदी नोकराने हा आलेख पाहून मान हलवली असती.

याच्या अगदी उलट प्रयोग खानदेशात झाला. अमळनेरचे गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले. कल्पना अशी की, तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला पोटाची विवंचनाच नसावी. राहायला जागा, निर्वाहाला वेतन, हाताशी ग्रंथ. विचार करा आणि लिहा. कृष्णचंद्र भट्टाचार्य यांच्यासारखा अव्वल दर्जाचा तत्त्वज्ञ बंगालमधून येऊन काही काळ या संस्थेचा संचालक होता. मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती ही मंडळी येथे वेदान्तातील अज्ञानाच्या प्रश्नावर वाद घालीत होती, आणि तो वाद १९३३ साली ग्रंथरूपाने निघाला. येथून निघणारे तत्त्वज्ञानाचे इंग्रजी त्रैमासिक देशभर वाचले जाई. २०२४ च्या फेब्रुवारीत साहित्य संमेलनासाठी मी अमळनेरला गेलो तेव्हा मंडपातून उठून मुद्दाम ते स्थान पाहून आलो. संमेलनाच्या गर्दीतले फार थोडे लोक तिकडे वळले असतील.

एका कापडगिरणीच्या नफ्यातून अद्वैताची चर्चा चालावी, ही गोष्ट मला अजूनही अद्भुत वाटते, आणि प्रताप शेठांविषयी मनात आदरच आहे. पण वाङ्मयाचा हिशेब मांडला की हात आखडतो. तिथले श्रेष्ठ लेखन इंग्रजीत झाले. मराठी त्रैमासिकही निघत असे, नाही असे नाही. परंतु संस्थेचे नाव झाले ते इंग्रजीमुळे आणि साहजिकच बुद्धीचा कस लागला तो इंग्रजीत. गावातल्या माणसाने उठून ‘हे कशाला?’ असे विचारण्याचा प्रसंग त्या अभ्यासकांवर येत नव्हता. तत्त्वज्ञानावर जगणारे आणि तत्त्वज्ञानासाठी जगणारे असा भेद शोपेनहौअरने १८५१ मध्ये केला आणि विद्यापीठातल्या पगारी तत्त्वज्ञांची यथेच्छ टवाळी केली. तो स्वतः बापाच्या व्यापारातून आलेल्या पैशावर जगत होता, हे विसरू नये. अमळनेरच्या अभ्यासकांना शेठजींनी थोडे दिवस तसा बाप मिळवून दिला होता. साने गुरुजीही तरुणपणी याच मंदिरात आले होते; पण लवकरच ते त्याच गावातल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय’ दैनिक काढू लागले. वेदान्ताच्या वाचनालयापासून मुलांच्या छात्रालयापर्यंत किती पावले असतील? मराठी वाक्याच्या दृष्टीने ते अंतर फार मोठे होते.

स्वातंत्र्यानंतर पदवीधराला तिसरा अन्नदाता मिळाला, तो म्हणजे महाविद्यालय. गावोगाव कॉलेजे निघाली, तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र हे विषय त्यांत ठेवले गेले, शिक्षणाचे माध्यम हळूहळू मराठी झाले आणि एकाएकी मराठी पुस्तकांची निकड लागली. ही आमची पिढी. आम्हाला पगार चांगला मिळाला. सत्तरीच्या दशकानंतर तर फारच चांगला. आम्ही लिहिलेही पुष्कळ. ग्रंथनिर्मिती मंडळाने जाड जाड इतिहास छापले, शासनाने परिभाषाकोश केला. देवीदास दत्तात्रेय वाडेकरांनी ‘मराठी तत्त्वज्ञान-महाकोश’ तीन खंडांत १९७४ मध्ये सिद्ध केला. त्या कामाची नुसती कल्पना करूनही दडपायला होते. हे सर्व आवश्यक होते. पण आमचा वाचक कोण होता? ज्याला पास व्हायचे आहे तो. त्याला पुस्तक नाकारण्याची सोय नव्हती. वर्गणी बंद करणारा वाचक गेला आणि त्याबरोबर आमच्या वाक्यांतले भयही गेले. मीही एक तर्कशास्त्राचे पुस्तक लिहिले. त्याच्या आवृत्त्या निघाल्या, त्यातून माझ्या स्वयंपाकघराची फरशी झाली. गेल्या महिन्यात ते पुन्हा उघडले. ‘सर्व मानव मर्त्य आहेत’ या वाक्याखेरीज त्यात एकही जिवंत माणूस नाही.

याला अपवाद आहेत आणि अपवादांवरच मराठी उभे आहे. मे. पुं. रेगे मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात शिकवत होते. म्हणजे भाकरी आमचीच, क्रमिक पुस्तकांची गरजही तीच. ‘पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा इतिहास’ विद्यार्थ्यांच्याच उपयोगाचा. मग त्यांच्या गद्यात असे वेगळे काय आहे? ते घाई करीत नाहीत. एखाद्या तत्त्ववेत्त्याचे म्हणणे मांडायचे तर प्रथम ते आपल्याला स्वतःला सुचले असते तर कसे सुचले असते, अशा रीतीने मांडतात. पारिभाषिक शब्द येतो तो गरज पडेपर्यंत वाट पाहून येतो. आक्षेप येतो तो त्यानंतर, आणि तोही खालच्या आवाजात. हे वळण त्यांना कोठून लाभले? माझे उत्तर असे की, ते कॉलेजात शिकवत होते, पण लिहीत होते ते ‘नवभारत’च्या वाचकासाठी, आणि ‘नवभारत’चा वाचक शिक्षक, वकील, कार्यकर्ता असा कोणीही असू शकत होता. १९८३ साली पुण्यात न्यायशास्त्राचे पारंपरिक पंडित आणि विद्यापीठातले तत्त्वज्ञ यांची जी गाठ घालून देण्यात आली, तिच्या मुळाशी रेगे होते. रसेलची विधानाविषयीची कल्पना संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवायची आणि त्यांचे आक्षेप ऐकायचे! ज्याला आपल्या वाक्याचा श्रोता बदलता येतो, तोच हे धाडस करतो. दि. य. देशपांडे यांचेही तसेच. विदर्भात आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर, सत्तरी ओलांडलेल्या या माणसाने १९९० साली मासिक काढले आणि त्याचे नाव आगरकरांच्या पत्रावरून ठेवले: पुढे ते ‘आजचा सुधारक’ म्हणून ओळखले गेले. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या प्राध्यापकाने पुन्हा एकदा वर्गणीदार वाचकाला तोंड द्यायचे ठरविले, असा त्याचा मी अर्थ लावतो.

आता चौथा अन्नदाता, म्हणजे आजचा. त्याविषयी थोडक्यात आटोपतो, कारण त्यात वाङ्मय कमी आहे. कायम नोकऱ्या आटल्या आहेत. तत्त्वज्ञानाचा विभाग बंद करणे कोणत्याही महाविद्यालयाला सर्वांत सोपे जाते. जिथे विषय उरला आहे तिथे शिकवणारा बहुधा तासिका तत्त्वावर. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला मात्र आमचा विषय घेणारे पुष्कळ असतात, ते अभ्यासक्रम आटोपशीर आहे म्हणून. २०१३ पासून मुख्य परीक्षेत एकच ऐच्छिक विषय राहिला, पण त्याच वर्षी नीतिशास्त्राची अडीचशे गुणांची सक्तीची प्रश्नपत्रिका आली, आणि पुण्याच्या पेठांतून कांट व मिल यांची दुकाने थाटली गेली. तिथल्या टिपणांचे मराठी मी पाहिले आहे. आमच्या पुस्तकांत निदान पूर्ण वाक्ये तरी होती. आता बाण आणि चौकटी आहेत. ‘कांट → कर्तव्य → निरपेक्ष आदेश.’ आगरकरांची वाक्यमीमांसा येथे संपली.

आता त्या विद्यार्थ्याची हकीकत. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेला मुलगा. वीस वर्षांपूर्वी त्याने मला विचारले, “सर, एम. ए. करू का? घरी विचारतात, पुढं काय?” मी त्याला स्पिनोझाची गोष्ट सांगितली. भिंगे घासून पोट भरणाऱ्या त्या माणसाने १६७३ मध्ये हायडेलबर्गची प्राध्यापकी कशी नाकारली, ते मी रंगवून सांगितले. हे सांगताना महिन्याच्या एक तारखेला माझ्या खात्यात काय जमा होते याचा उल्लेख मी केला नाही. मुलगा एम. ए. झाला, नेट झाला, पीएच. डी.ही झाला. आज चाळिशी ओलांडून तो दोन महाविद्यालयांत तासांवर शिकवतो. सुट्टीच्या महिन्यांत मानधन नाही. संध्याकाळी एका क्लासमध्ये ते बाण आणि त्या चौकटी काढतो. त्याच्या प्रबंधात गावातल्या पाण्याच्या वाटपावरून न्यायाच्या कल्पनेकडे जाणारे एक प्रकरण आहे. ते इतके सुरेख आहे की, त्यातून एक लेख करून मराठी मासिकाला पाठव असे मी त्याला कळकळीने म्हटले. तो हसून म्हणाला, “सर, मासिकातल्या लेखाला गुण धरत नाहीत. यादीतल्या नियतकालिकात छापून आलं तरच मोजतात.” मग त्याने ते प्रकरण इंग्रजीत केले. मी वाचले. पाणी त्यातून वाहून गेले होते.

त्याने मला दोष दिला नाही, कधीच नाही. दिवाळीला अजून फराळ घेऊन येतो. मला ते अवघड वाटते.

म्हणून त्या दिवशी बार्शीच्या गृहस्थांपुढे मी स्पिनोझाचे नाव काढले नाही. त्यांना आकडे हवे होते, ते माझ्याकडे नव्हते. माहीत होते तेवढे सरळ सांगितले. प्राध्यापकीच्या आशेवर या विषयात येऊ नये. आली तर नेट-सेट देऊनही कित्येक वर्षे तासांवर काढण्याची तयारी हवी. हाताशी दुसरे काहीतरी असावेच, बी. एड. असो, कायदा असो, भाषांतराचे काम असो; त्याला कमीपणा मानू नये, वामन मल्हारांनी मानला नव्हता. राहण्या-जेवण्याचा खर्च किती वर्षे झेपेल ते आधी बसून ठरवावे. मुलीला म्हटले, “दोन वह्या कर. एक परीक्षेची. दुसरी या शेवटच्या पानाची. आणि ही दुसरी तत्त्वज्ञान न शिकलेल्या एका तरी माणसाला दर महिन्याला वाचून दाखव. त्याला कळले नाही तर पुन्हा लिही.” ती म्हणाली, “कुणाला दाखवू?” मी काही बोलण्याच्या आत तिने वडिलांकडे पाहिले.

गृहस्थांनी वही माझ्या हातातून घेतली, चष्मा लावला आणि शेवटचे पान सावकाश वाचले. वहीत असे काही लिहिलेले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग वही मिटून मुलीकडे देत म्हणाले, “कळवू नका असं मीच म्हणालो होतो. आणि तुझा मामा पास झाला होता, बाळा. पहिल्या वर्गात.”

मुलीने पिशवीतून पेन्सिल काढली.